अप्पांचा वरचा आकडा

सासऱ्यांचा रक्तदाब मोजायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात याविषयी दोन मतं आहेत. बायकोच्या मते हे काम मला कुणीही सांगितलं नव्हतं. माझ्या मते असली कामं सांगायची नसतात, जबाबदार माणसाला ती आपोआप दिसतात. दोन्हींचा अर्थ एकच होतो, हे मला फार उशिरा कळलं.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले होते. त्यांचं घर लांब, तिथे ते एकटेच. ऑपरेशन करायचं, डोळ्यात थेंब घालायचे दिवस संपले की परत जायचं, असा सरळ बेत होता. पण डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने आधी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, दुसऱ्या नर्सला बोलावून तिला तो दाखवला, आणि मग डोळ्यांचे डॉक्टर येऊन म्हणाले, "आधी हे खाली आणा. मग डोळ्याचं बघू."

घरी येईपर्यंत अप्पांनी एक शब्द काढला नाही. तसा तो ते एरवीही काढत नाहीत. वजनमापे खात्यात निरीक्षक होते ते. सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. समोरचा माणूस आपल्याला कमी देतोय, या गृहीतावर ज्याने उमेदीची वर्षं काढली, तो बोलताना एक शब्द जास्त कसा देईल? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याशी ते थेट बोलल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील. मी समोर बसलेलो असताना ते मुलीला म्हणतात, "यांना म्हणावं, पंखा जरा कमी करा." मी पंखा कमी करतो आणि बायकोला सांगतो, "केला म्हणावं."

मी याच्या अगदी उलट. वीज कंपनीत मी तक्रार खिडकीवर बसतो. सकाळी खिडकी उघडली की संतापलेली माणसं रांगेत उभीच असतात. मी त्यांच्याशी बोलतो. वीज लगेच येते असं नाही, पण माणूस शांत होऊन जातो. आमचे साहेब एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, की या भागातल्या तारांपेक्षा यांच्या जिभेवर जास्त भार आहे. मी ते कौतुक म्हणून घेतलं. साहेब कसं म्हणाले, यापेक्षा आपण कसं घेतलं, याला महत्त्व असतं.

तर आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी एक लहानशी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, "घरी यंत्र आणा, सकाळ-संध्याकाळ मोजा आणि आकडे मला फोनवर पाठवा. कसं मोजायचं ते यंत्राच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात असतं. ते नीट वाचा."

मी त्याच संध्याकाळी यंत्र आणलं. माहितीपत्रक बरंच मोठं, बारीक अक्षरातलं आणि पुष्कळ भाषांतलं होतं. त्यातलं हमीचं पान मी लक्षपूर्वक वाचलं. तक्रार कुठे करायची हे आधी बघून ठेवायचं, ही नोकरीने लावलेली सवय. बाकीचं काय, पट्टा गुंडाळायचा आणि बटण दाबायचं. त्यात वाचण्यासारखं काय आहे, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

मोजण्यासाठी मी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल निवडलं, ज्याच्यावर चढून आम्ही दिवे बदलतो. ते फ्रिजजवळ असतं आणि तिथे उजेड छान पडतो. अप्पा स्टुलावर बसले. पाय जमिनीपासून वीतभर वर. त्यांचा हात मी माझ्या हातात अधांतरी धरला, म्हणजे आपल्या माणसाचा आधार वाटावा. आणि बटण दाबून त्यांचं मन रमवायला लागलो.

"काही घाबरायचं नाही अप्पा, अगदी निवांत बसा. मला एक सांगा, तुमच्या वेळी दुकानदार मापाला खालून भोक पाडायचे म्हणे?"

यंत्र घुरघुरायला लागलं.

"भोक नाही," ते म्हणाले. "मापाच्या पोटात शिसं असतं. ते काढून घ्यायचे."

"आणि मग तुम्ही पकडायचात?"

"हो."

"मग ते रडायचे का? पाया-बिया पडायचे? आमच्याकडे परवा एक माणूस..."

पट्टा फुगून करकचला, अप्पांनी ओठ मिटले, यंत्राने शिट्टी दिली आणि आकडा आला. वरचा आकडा बघून मी म्हटलं, "अरेरे." मग स्वयंपाकघराच्या दारातून बायकोला तो मोठ्याने वाचून दाखवला. सुतकी बातमी द्यायला जसा आवाज लागतो, तसा माझा आपोआप लागला.

अप्पा स्टुलावरून उतरत मुलीला म्हणाले, "यांना विचार, या यंत्रावर शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?" मी बायकोला विचारलं.

"पडताळणीचा," अप्पा म्हणाले. "दर वर्षी करून घ्यावी लागते."

मला हसू आलं. पण पुढे रोज आकडा तसाच वर येत राहिला, आणि हसू कमी होत गेलं. मी मात्र एकही दिवस चुकवला नाही. उलट अप्पांचा ताण कमी व्हावा म्हणून रोज नवीन विषय काढू लागलो. निवृत्तिवेतन, त्यांचे साहेब, सासूबाईंचा स्वभाव, पाण्याचे नळ. जितका आकडा वर, तितकी माझी तळमळ जास्त.

आठवड्याने डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुसरी गोळी जोडू या." मला वाटलं होतं त्या पहिलीच दुप्पट करतील. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी समजावलं, की एकच गोळी वाढवत नेली तर दाब थोडासाच उतरतो आणि तिचे त्रास मात्र वाढत जातात. त्यापेक्षा दोन वेगळ्या गोळ्या थोड्याथोड्या दिल्या, तर प्रत्येक गोळी आपापल्या बाजूने काम करते. मला हे एकदम पटलं. आमच्या ऑफिसातही एका माणसावर सगळं टाकायची पद्धत आहे आणि तो माणूस मी आहे.

पण इमारतीत हे कुणाला पटलं नाही. आमच्या तळमजल्यावर एक मावशी राहतात. त्या लिफ्टच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि कुणाच्या हातात औषधांची पिशवी दिसली की ती उघडून बघतात. त्या म्हणाल्या, "दोन गोळ्या एकदम? पोटात गेल्यावर भांडतील ना त्या. मध्ये निदान एक जेवण तरी जाऊ द्या."

आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. ते स्वतः रोज चार गोळ्या घेतात आणि त्याबद्दल पदक मिळाल्यासारखं बोलतात. ते म्हणाले, "मावशींचं काय ऐकता? मी चारही एका घोटात घेतो. आणि फक्त दोन? दोन म्हणजे काही आजार झाला का?" माझ्या सासऱ्यांच्या आजाराचा असा अपमान मला सहन झाला नाही. पण मावशींचं बोलणंही डोक्यातून जाईना. शेवटी मी दवाखान्यात फोन केला, तो कंपाउंडरने घेतला, मी त्याला पोटातल्या भांडणाविषयी सविस्तर विचारलं, त्याने बाईंना विचारलं, आणि उत्तर आलं, "दोन्ही सकाळी एकत्र, रोज ठरल्या वेळी. आणि शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा."

मग अप्पांना खोकला लागला. कोरडा, कारण नसलेला, नेमका फोनवर कुणी महत्त्वाचं बोलत असलं की येणारा. मावशींनी तो खाली ऐकला आणि हे पोटातल्या दोन गोळ्यांचं भांडण सुरू झाल्याचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पहिल्या गोळीने काही जणांना असा खोकला येतो म्हणाल्या, आणि तिच्याऐवजी तिची चुलतबहीण शोभेल अशी दुसरी दिली. खोकला गेला. तेवढ्यात दुसऱ्या गोळीने अप्पांचे घोटे सुजले. हेही होतं काही जणांना, असं बाई म्हणाल्या, जरा पाय वर ठेवून बसू द्या, बघू. दुखत काही नव्हतं, पण त्यांचे बूट त्यांच्या पायात जाईनात. अप्पांनी सगळ्या घरावर नजर फिरवली, म्हणजे त्यांना जेवढी फिरवता येत होती तेवढी, आणि माझ्या ऐसपैस सँडल पायात सरकवल्या. त्या त्यांना बरोबर बसल्या. माझे दुसरे बूट शिवायला टाकलेले. ऑफिसला उशीर होत होता. मी अप्पांचे बूट घातले.

ते बूट उत्तम पॉलिश केलेले, काळे आणि निमुळते होते. अप्पांच्या स्वभावासारखे. त्यांत माझा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यात दुपारपर्यंत जे काही झालं, ते मावशींच्या दोन गोळ्यांमध्येही कधी होणार नाही. त्यात त्याच दिवशी मला यंत्राचं काम करायचं होतं. अप्पांनी आदल्या रात्री जेवताना मुलीला सांगितलं होतं, "यांना म्हणावं, आधी काटा तपासा, मग माल." बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तपासतो म्हणावं."

दुकानदार म्हणाला, आम्ही फक्त विकतो, कंपनीला फोन करा. कंपनीचा फोन म्हणाला, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि बासरी वाजवू लागला. ऐकून ऐकून ती धून मला पाठ झाली. शेवटी त्यांच्या दुरुस्ती केंद्राचा पत्ता मिळाला, तेव्हा मी अर्धी रजा टाकली आणि लंगडत तिकडे गेलो.

तिथे एक खिडकी होती. नोकरीला लागल्यापासून मी खिडकीच्या आत बसतोय. बाहेरून ती कशी दिसते हे मला पहिल्यांदा कळलं. ती फार खाली असते. कमरेत वाकल्याशिवाय आतल्या माणसाचं तोंड दिसत नाही, आणि वाकल्यावर आपण काय सांगायला आलो ते निम्मं विसरायला होतं.

"तक्रार काय?" आतल्या माणसाने विचारलं.

"यंत्र जास्त दाखवतं."

"कशापेक्षा?"

"असायला पाहिजे त्यापेक्षा."

"असायला किती पाहिजे?"

"ते कळावं म्हणूनच यंत्र घेतलंय."

"म्हणजे यंत्र चूक आहे असं तुम्हाला नक्की माहीत नाही."

"नाही."

"मग तक्रार कशी म्हणता? शंका म्हणा. शंकेला वेगळी खिडकी आहे."

मी त्याला समजावू लागलो. माझ्या ठेवणीतल्या आवाजात, शांतपणे, पायरीपायरीने. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमची अडचण मी समजू शकतो." हे वाक्य मी रोज दिवसभर म्हणतो. ते ऐकणाऱ्याला नेमकं कसं वाटतं, याची मला काही कल्पना नव्हती. मी शंकेच्या खिडकीवर यंत्र ठेवलं आणि अप्पांच्या बुटांत परत आलो.

यंत्र नसलेले ते दिवस घरात फार सुखाचे गेले. अप्पा गॅलरीत पाय वर करून बसत, मावशींनी वर पाठवलेल्या सल्ल्यांना मान हलवत, आणि एकदा तर जेवताना आपण होऊन म्हणाले, "आमटीला मीठ बरोबर आहे." बायको चकित झाली. मी मनात म्हटलं, औषध लागू पडतंय.

यंत्र परत आलं, सोबत प्रमाणपत्र. यंत्र निर्दोष. अप्पांनी तो कागद डोळ्यांपाशी नेला, मग बोटांनी चाचपला. "शिक्का उमटवलेला नाही, छापलेला आहे," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजातली हवा गेली होती. यंत्र खरं ठरलं, म्हणजे खोट कुठे होती ते उघड झालं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टुलावर बसवलं, त्यांना बरं वाटावं म्हणून दुरुस्ती केंद्राची पूर्ण हकिकत साभिनय सांगितली, आणि आकडा आजवरचा सगळ्यात मोठा आला.

डॉक्टरबाईंनी आकडे बघून कपाळाला आठी घातली आणि तिसरं औषध जोडलं, लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून टाकणारं. "आता तिन्ही एकाच गोळीत मिळतात," त्या म्हणाल्या. "घ्यायला सोपं."

अप्पांना ते मुळीच आवडलं नाही. "तीन माल एकत्र करून एका नावाने विकायचे," ते मुलीला म्हणाले, "याला आमच्या खात्यात भेसळ म्हणायचे." पण गोळी त्यांनी घेतली. पाणी बाहेर काढायचं काम तिने इतकं चोख केलं, की आमच्या एकुलत्या एका बाथरूमचं वेळापत्रक नव्याने लावावं लागलं. मी ऑफिसात तोंड धुवायला लागलो. त्याबद्दल कुरकुर केली नाही. आकडा खाली येऊन ऑपरेशन व्हायला हवं होतं. अप्पांना वर्तमानपत्राच्या मथळ्याखालचं काही दिसत नव्हतं, आणि एका डोळ्याचं तर जवळजवळ सगळंच गेलं होतं.

आणि मग तो दिवस आला. सकाळी मी नेहमीसारखं मोजलं, नेहमीसारखं "अरेरे" म्हटलं. अप्पा स्टुलावरून उतरले, उभे राहिले, आणि त्यांच्या पायांतला जीवच गेला. ते सरळ माझ्या अंगावर आले. स्टूल कलंडलं, मी फ्रिजवर आपटलो, फ्रिजचं दार उघडलं, आणि आम्ही दोघं खाली बसलो, म्हणजे मी बसलो आणि अप्पा माझ्या मांडीवर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावर गार घाम. मी हाक मारत होतो आणि ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसतोय असं वाटत नव्हतं.

बायको ओल्या केसांनी धावत आली. आवाज ऐकून मॅनेजर आले, त्यांच्यामागे धापा टाकत मावशी. मी यंत्राकडे बोट दाखवून आकडा सांगितला. मॅनेजर म्हणाले, "एवढा? मग आणखी एक गोळी द्या ताबडतोब. माझ्याकडे आहे." मावशी म्हणाल्या, "साखर-पाणी द्या." मॅनेजर खिशात हात घालत होते आणि मी खरोखरच हात पुढे केला होता. त्या हाताबद्दल मी अजूनही कधीकधी विचार करतो.

बायको म्हणाली, "कुणीही काहीही देणार नाही. अप्पांना आडवं करा आणि तुम्ही गाडी काढा." तिचा आवाज चढलेला नव्हता. पण मॅनेजरांचा हात खिशातच राहिला.

दवाखान्यात बाईंनी अप्पांना आडवं ठेवूनच मोजलं. मग थोड्या वेळाने आधार देऊन उभं करून मोजलं. दाब कमी होता, आणि उभं राहिल्यावर आणखी खाली घसरत होता. त्या माझ्या फोनमधले आकडे बघत राहिल्या, मग अप्पांकडे, मग माझ्याकडे. अप्पांना पाणी दिलं, बराच वेळ पडू दिलं. गालांवर रंग आला, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "घरी तुम्ही नेमकं कसं मोजता, ते मला करून दाखवा."

माझ्या कामाची कुणी तरी दखल घेतंय, असंच मला वाटलं. मी अप्पांना तपासायच्या उंच कॉटच्या कडेवर बसवलं, पाय खाली लोंबते. हात वर धरला. बटण दाबलं. "हां अप्पा, आता घाबरायचं काही नाही," मी म्हटलं, "मघाशी पडलात तेव्हा मला वाटलं संपलंच सगळं. बरं मला सांगा, तुम्हाला असं याआधी कधी झालं होतं का? नोकरीत असताना? आठवून सांगा."

अप्पा आठवू लागले. बाई पेन हातात धरून बघत होत्या. बायकोने डोळ्यांवर हात ठेवला. आकडा आला. आडव्या अप्पांच्या आकड्याहून तो इतका वर होता, की मीही अरेरे म्हणायचं विसरलो.

"आता तुम्ही बाहेर बसा," बाई मला म्हणाल्या.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. दाराच्या काचेतून अप्पा खुर्चीत पाठ टेकून बसलेले दिसत होते. कुणी काही बोलत नव्हतं. बराच वेळ. मग मला आत बोलावलं.

"यंत्र ठीक आहे," बाई म्हणाल्या. "अप्पांना दाब आहे, पण तीन औषधं लागावीत इतका नाही. मोजताना बोलायचं नसतं. पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीवर, हात टेबलावर. आणि आधी पाच मिनिटं अगदी गप्प बसायचं."

"कुणी?" मी विचारलं.

"दोघांनीही."

मी म्हटलं, "पण त्यांना शांत वाटावं म्हणूनच तर मी बोलत होतो." हे बोलताना माझा आवाज कसा झाला, ते मला नीट सांगता येणार नाही. तक्रार खिडकीवरची माझी सगळी वर्षं डोळ्यांपुढून गेली. आजवर शांत होऊन गेलेली माणसं खरं तर काय होऊन गेली असतील?

बाई अप्पांकडे वळल्या. "तुम्हाला त्रास होत होता, तर यांना गप्प बसा म्हणून का नाही सांगितलं?"

अप्पांनी शब्द मोजायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. "ते फार मनापासून विचारतात," ते म्हणाले. "उत्तर न देणं बरं दिसत नाही." आणि जरा थांबून, "दुसऱ्याच्या घरी राहतोय मी. एवढं तर करायला हवं."

गाडीत मी काही बोललो नाही. मागच्या सीटवरून बायकोने दोनदा वाकून बघितलं, गाडी मीच चालवतोय ना म्हणून. इतकी वर्षं मला वाटत होतं, की या माणसाला मी आवडत नाही. आणि तो स्टुलावर पाय लोंबकळत, दंड आवळलेला असताना, मला वाईट वाटू नये म्हणून सासूबाईंच्या स्वभावावर उत्तरं देत होता.

तिसरं औषध बंद झालं. उरलेली दोन, लहान मात्रेत, एकाच गोळीत. आता मोजणार कोण, हा प्रश्न होता. बायको शाळेत शिकवते, ती सकाळी सगळ्यांच्या आधी बाहेर पडते. ती म्हणाली, "तुम्हीच मोजा. पण पाच मिनिटं." आणि जाताना तिने टेबलावर अंडी उकडायचं घड्याळ ठेवलं.

पाच मिनिटं म्हणजे काय, हे न बोलणाऱ्या माणसाला कळणार नाही. पहिल्या दिवशी मी घड्याळ दोनदा कानाशी लावून बघितलं, बंद तर पडलं नाही ना म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तीन वाक्यं गिळली, त्यांतलं एक फार चांगलं होतं. मग करायला दुसरं काही नाही म्हणून मी अप्पांकडे बघायला लागलो. त्यांच्या शर्टाची बटणं रोज एकेक घर चुकलेली असायची. कप ठेवण्याआधी ते टेबलाची कड बोटाने शोधायचे. यंत्राचा आकडा त्यांना कधी दिसतच नव्हता. रोज सकाळी ते ऐकत होते, तो माझा सूर. मी घरात जाहीर करायचो तो. एके दिवशी आकडा आल्यावर मी नुसतंच "छान" म्हटलं, आणि त्यांचे खांदे जरासे खाली आले. मी उठलो आणि काही न बोलता त्यांची बटणं नीट लावून दिली. त्यांनी लावू दिली.

आकडे उतरले आणि उतरलेलेच राहिले. घोटेही पुष्कळ ओसरले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, थेंबांचे दिवस संपत आले. मॅनेजरांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "आता किती गोळ्या?" मी म्हटलं, "एक." त्यांच्या चेहऱ्यावर मला माझ्याविषयी कीव दिसली.

अप्पा परत जायच्या आदल्या सकाळी आम्ही टेबलाशी बसलो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा दंडाला, घड्याळ टिकटिकत होतं. अप्पा माझ्याकडे बघत होते. बघतच राहिले.

"बरेच पिकलात हो तुम्ही," ते म्हणाले.

मी ओठांवर बोट ठेवलं आणि यंत्राकडे खूण केली.

"कानांवर तर सगळेच पांढरे," अप्पा म्हणाले. "आणि ही भिंत पिवळी आहे? मी इतके दिवस पांढरी समजत होतो."

मी पुन्हा खूण केली, जरा कळवळून. पाच मिनिटं पहिल्यापासून मोजावी लागणार होती. तेव्हा अप्पांनी स्वतःच्याच हाताने पट्टा सोडवला, त्याची नीट गुंडाळी केली आणि यंत्र टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवलं.

"आज राहू द्या ते," ते म्हणाले. "तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तुमचं."

मी तोंड उघडलं. आणि खरं सांगतो, मला एक शब्द सुचेना. घड्याळ वाजून गेलं, खाली मावशींची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तरी काही सुचेना. शेवटी मी चहा टाकतो म्हणून उठायला लागलो.

"बसा," अप्पा म्हणाले. "घाई नाही."